मंगल कार्यालयाच्या इमारतीत लोड शेडिंग बसवताना

लोड शेडिंग म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे येते ती गेलेली लाइट. इथला विषय तो नाही. वीज चालू असताना इमारतीने आपला काही लोड आपणच थोडा वेळ बाजूला ठेवायचा आणि नंतर परत घ्यायचा, यालाही बिल्डिंग एनर्जी मॅनेजमेंट सिस्टिमच्या, म्हणजे बीईएमएसच्या भाषेत लोड शेडिंगच म्हणतात. मालकांना हे सांगताना आम्ही आधी हा शब्दच सोडून दिला आणि ‘लोड आवरणं’ म्हणायला लागलो. नाहीतर प्रत्येक बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला: ‘पैसे देऊन लाइट घालवायची कशाला?’

इमारत बेळगाव–खानापूर रस्त्याच्या बाजूची. तळमजल्यावर स्वयंपाकघर आणि पंगतीचा हॉल, वर लग्नाचा मोठा हॉल, त्याच्या वर दोन मजल्यांवर ३६ खोल्या. वीज वितरण कंपनी हेस्कॉमचा ११ केव्ही पुरवठा, २५० केव्हीए काँट्रॅक्ट डिमांड, म्हणजे कंपनीशी ठरलेली जास्तीत जास्त मागणी, ३१५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, २०० केव्हीएचा जनरेटर. आषाढ-श्रावणात नोंदलेली डिमांड १५० च्या आसपास राहायची आणि लग्नसराईत २६० च्या वर जायची. काँट्रॅक्टच्या वर गेलेल्या केव्हीएला डिमांड चार्ज दुप्पट लागतो. डिमांड मोजली जाते १५ मिनिटांच्या सरासरीने. दिवसाच्या ९६ खिडक्या, महिन्याच्या २,८८०. त्यातली एकच खिडकी चुकली तरी महिन्याच्या बिलावर तोच आकडा येतो. वर्षातल्या मोजक्या दुपारींसाठी काँट्रॅक्ट डिमांड वाढवून बाराही महिने जादा आकार भरण्यापेक्षा त्या दुपारी आवरणं स्वस्त, एवढाच हिशेब होता.

आधी मोजमाप जुळवलं

कुठलाही लोड कापण्याआधी तीन आठवडे फक्त मोजमाप केलं, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच सापडल्या.

मेन एलटी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरनंतरच्या ४१५ व्होल्टच्या, पॅनेलवर मल्टिफंक्शन मीटर होता. बीईएमएसवर तो दुपारी २०० केव्हीए दाखवायचा, त्याच वेळी एचटी मीटरचा, म्हणजे ११ केव्हीच्या बाजूच्या बिलाच्या मीटरचा, डिस्प्ले २५५ च्या घरात. सीटी, म्हणजे मीटरसाठी करंट लहान करून देणारे करंट ट्रान्सफॉर्मर, उघडून पाहिले तर ५००/५ चे, आणि मीटरमध्ये भरलेलं गुणोत्तर ४००/५. म्हणजे खऱ्याच्या ८० टक्केच आकडा. पॅनेल बनवताना ड्रॉइंगमध्ये ४०० होतं, बाजारात ५०० चे मिळाले, मीटरमधला आकडा बदलायचा राहिला. असं हमखास होतं, म्हणून ड्रॉइंगवर विश्वास न ठेवता सीटीवरची प्लेट वाचायची आणि वायरीभोवती अडकवायच्या टंगटेस्टरने तिन्ही फेजचा अँपिअर ताडून पाहायचा. लॉन्ड्रीच्या फीडरवर एक सीटी उलटा बसला होता. तिथे एका फेजचा किलोवॅट वजा येत होता आणि बेरीज खऱ्याच्या जेमतेम एक तृतीयांश. सीटीच्या एस-वन, एस-टू या दोन वायर अदलाबदल केल्यावर सरळ झालं. चालू लोडवर सीटीची सेकंडरी उघडी ठेवू नये हे वायरमनला माहीत असतं. तरी आधी शॉर्टिंग लिंक लावली आहे ना, हे आपण उभं राहून पाहावं.

गुणोत्तर बरोबर केल्यावरही बीईएमएस आणि एचटी मीटर यांत दोन ते अडीच टक्क्यांचा फरक उरला. तो चूक नव्हे. बिलाचा मीटर ११ केव्हीच्या बाजूला आहे, आपला ४१५ व्होल्टच्या बाजूला. मधल्या ट्रान्सफॉर्मरचा लॉस आणि त्याचा स्वतःचा रिअॅक्टिव्ह भार बिलात येतो, आपल्या मीटरमध्ये येत नाही. म्हणून २५० च्या मर्यादेसाठी आम्ही एलटी बाजूचं लक्ष्य २३८ ठेवलं. पाच-सहा केव्हीए ट्रान्सफॉर्मरचे, बाकीचे आपल्या मोजमापातल्या चुकीसाठी.

लक्ष्य केव्हीएमध्ये ठेवायचं, किलोवॅटमध्ये नाही, हा मुद्दा आम्ही दोनदा भांडून मंजूर करून घेतला. पॉवर फॅक्टर म्हणजे किलोवॅट भागिले केव्हीए. २२५ किलोवॅट लोड ०.९८ पॉवर फॅक्टरला २३० केव्हीए होतो आणि ०.८८ ला २५६. म्हणजे किलोवॅट जागच्या जागी असताना पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या एपीएफसी पॅनेलमधला एखादा कपॅसिटर फ्यूज उडाला की डिमांड ओलांडली जाते, आणि किलोवॅट पाहणाऱ्या बीईएमएसला त्याचा पत्ताच नसतो. इथे पुढे नेमकं हेच झालं. केव्हीए पाहत असल्यामुळे सिस्टिमने लोड कापला खरा, पण दुखणं लोडचं नव्हतं. त्यानंतर एक वेगळा अलार्म जोडला: पॉवर फॅक्टर ०.९४ च्या खाली सलग दहा मिनिटं राहिला तर आधी कपॅसिटर बघा, असा.

मीटर वाचण्याची बाजू मॉडबसची, म्हणजे मीटर आणि कंट्रोलर ज्या भाषेत बोलतात तिची. १४ मीटर, आरएस-४८५ ची दोन वायर, ९६०० बॉड, इव्हन पॅरिटी. एकाच लूपवर सगळे ठेवले तर पूर्ण फेरीला चार-पाच सेकंद लागायचे, म्हणून मेन मीटरला वेगळा पोर्ट देऊन तो दर दोन सेकंदांनी वाचला. मीटरपासून मीटरपर्यंत माळेसारखी वायर. मध्येच फांदी काढली की रात्री सगळं ठीक आणि दुपारी मीटर गायब, असा त्रास होतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, शील्ड एकाच टोकाला अर्थ. प्रेशर पंपांच्या ड्राइव्हची पॉवर केबल आणि ही वायर एकाच ट्रेमध्ये टाकली होती. एक फुटाचं अंतर दिल्यावर चुकीचे पॅकेट बंद झाले. आकडे अगदीच विचित्र, म्हणजे कोटीत किंवा शून्याच्या जवळ, दिसले तर आधी दोन गोष्टी बघायच्या: रजिस्टरचा पत्ता एकाने मागेपुढे आहे का, आणि ३२ बिटच्या आकड्याचे दोन शब्द उलटे वाचले जात आहेत का.

कापायचा काय

लोडची यादी करताना नेमप्लेट लिहून काढणं सोपं, पण तिचा उपयोग थोडाच. ड्रायरवर १८ किलोवॅट लिहिलेलं. थर्मोस्टॅटवर चालू-बंद होत असल्याने तासाची सरासरी ११ च्या आसपास. गरम पाण्याचे बॅकअप हीटर २४ किलोवॅटचे, पण ऊन चांगलं असेल तर सोलरमुळे दुपारी ते बंदच. बंद लोड कापून काही मिळत नाही. म्हणून प्रत्येक कापायच्या लोडला कॉन्टॅक्टरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट किंवा करंट स्विच जोडून ‘आत्ता खरोखर चालू आहे का’ हा सिग्नल घेतला, आणि सिस्टिमने हिशेबात फक्त चालू असलेलेच धरायचे असं ठेवलं. हे न करता बसवलेल्या सिस्टिम कागदावर ६० किलोवॅट कापतात आणि मीटरवर १५ उतरतात.

कापायचे लोड तीन पायऱ्यांत वाटले, एकामागून एक कापायचे. पहिल्या पायरीत कुणाच्या लक्षातही येणार नाही असे लोड: गाडी चार्जिंगचे दोन पॉइंट, ७.४ किलोवॅटचे, गरम पाण्याचे दोन हीटर, १२ चे, लॉन्ड्रीचे दोन ड्रायर. ड्रायरचा फक्त हीटर कापायचा, ड्रम फिरतच राहिला पाहिजे. गरम कपडे थांबलेल्या ड्रममध्ये पडून राहिले तर करपतात, आणि पेटूही शकतात. म्हणून रिले मेन कॉन्टॅक्टरला न लावता हीटरच्या कॉन्टॅक्टरला लावला.

दुसऱ्या पायरीत बोअरवेलचा ७.५ एचपीचा पंप, वरच्या टाकीचा १० एचपीचा पंप, एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाच्या, दोनपैकी एक ब्लोअर, आणि खोल्यांच्या व्हीआरएफ एसीचं तापमान २४ वरून २६. वरची टाकी २५ टक्क्यांच्या खाली असेल तर तो पंप कापायचा नाही, ही अट फ्लोटवरून. ब्लोअर अर्ध्या तासापेक्षा जास्त बंद नको. एसटीपीतल्या जिवाणूंना हवा लागते, आणि त्याचा वास पंगतीच्या हॉलपर्यंत यायला फार वेळ लागत नाही.

तिसरी पायरी लग्नाच्या हॉलच्या एसीची. ११ टनाची सहा डक्टेबल युनिट, प्रत्येकी दोन कॉम्प्रेसर, एका कॉम्प्रेसरचे साधारण सहा किलोवॅट. ब्लोअर चालू ठेवून फक्त कॉम्प्रेसर बंद करायचा, एका वेळी दोन, तेही वेगवेगळ्या युनिटमधले, आणि दर दहा मिनिटांनी पाळी बदलायची. वारा येत राहिला की माणसांना दहा मिनिटांत फरक कळत नाही. ब्लोअर थांबला की दुसऱ्या मिनिटाला सगळे वर बघतात. हॉल २७ अंशांच्या वर गेला तर तिसरी पायरी आपोआप सुटते, मग डिमांड ओलांडली तरी चालेल, हा निर्णय मालकांकडून लेखी घेतला. तांत्रिक माणसाने असले निर्णय स्वतःच्या डोक्यावर घेऊ नयेत.

यादीत कधीच न घ्यायचे लोड वेगळ्या पानावर लिहिले. फायर पंप, इमर्जन्सी लाइट, लिफ्ट, कोल्ड रूम. आणि स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट. खाली गॅसच्या मोठ्या शेगड्या पेटलेल्या असतात, साडेसात किलोवॅट वाचवायला तो पंखा थांबवणं म्हणजे आचाऱ्यांचा जीव गुदमरवणं. आमच्या आधी आलेल्या एका प्रस्तावात तो ‘नॉन-क्रिटिकल’ म्हणून पहिल्या पायरीत होता. यादी खुर्चीत बसून केली की असं होतं.

सगळ्यात त्रासदायक लोड मात्र आमच्या हातात नव्हताच. डेकोरेशनवाल्यासाठी ६३ अँपिअरचा थ्री-फेज बोर्ड बाहेर ठेवलेला. त्यावर स्टेजचे लाइट, साउंड, एलईडी भिंत, कधी बाहेरच्या मांडवातले कूलर. आज पाच किलोवॅट, उद्या पस्तीस. तो कापायचा प्रश्नच नाही, पण तिथे वेगळा मीटर बसवल्यामुळे निदान कळायला लागलं की दुपारी १२ नंतर वाढलेले ३० किलोवॅट कुठून आले.

आकडेमोड

डिमांड ओलांडल्यावर कापून उपयोग नाही; ओलांडली जाणार हे आधी कळलं पाहिजे. बिलाच्या मीटरच्या १५ मिनिटांच्या खिडक्या ठरलेल्या असतात, पण त्याचं घड्याळ आणि आपलं घड्याळ तंतोतंत जुळवून ठेवणं दगदगीचं, आणि सीलबंद मीटरमधून सिंक पल्स, म्हणजे नवी खिडकी सुरू झाल्याची खूण, घ्यायची तर परवानगी हवी. म्हणून आम्ही सरकती खिडकी वापरली: दर मिनिटाला मागच्या १५ मिनिटांची सरासरी. सरकत्या खिडकीतला सर्वोच्च आकडा ठरलेल्या खिडकीतल्या सर्वोच्च आकड्यापेक्षा कमी कधीच नसतो, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते. किंमत एवढीच की कधीकधी गरज नसताना एक पायरी जास्त कापली जाते. मीटरचा काळ १५ मिनिटांचा आहे की ३० चा, हे मात्र आधी मीटरच्या डिस्प्लेवरून खात्री करून घ्यावं. त्यावर पुढचं सगळं उभं आहे.

अंदाज असा: मागच्या १० मिनिटांची बेरीज, अधिक आत्ताचा लोड गुणिले ५, भागिले १५. समजा मागची १० मिनिटं सरासरी २३० केव्हीए गेली आणि आत्ता लोड २९० झाला. २,३०० अधिक १,४५०, म्हणजे ३,७५०; भागिले १५, २५० केव्हीए. लक्ष्य २३८. पुढच्या पाच मिनिटांत लोड किती असायला हवा? २३८ गुणिले १५, म्हणजे ३,५७०. त्यातून २,३०० गेले, उरले १,२७०. भागिले ५, २५४. म्हणजे ३६ केव्हीए कापायचे. पहिल्या पायरीत बहुतेक भागतं. हाच निर्णय तीन मिनिटं उशिरा घेतला तर १३ मिनिटांची बेरीज ३,१७० होते, उरतात ४००, भागिले २, म्हणजे २००. आता ९० केव्हीए कापायला हवेत, आणि तेवढे तिन्ही पायऱ्या मिळूनही निघतील याची खात्री नाही. उशीर किती महाग पडतो हे मालकांना पटवायला हीच दोन गणितं फळ्यावर मांडली.

इथे एक बारीक चूक होऊ शकते. ‘आत्ताचा लोड’ म्हणून मीटरचा क्षणिक आकडा घेतला तर लिफ्ट निघाली, पंप चालू झाला की तेवढ्या धक्क्याने पायरी कापली जाते. आम्ही ६० सेकंदांची सरासरी घेतली.

सुटण्याची मर्यादा वेगळी ठेवली: अंदाज २१५ च्या खाली सलग पाच मिनिटं राहिला तरच एक पायरी परत. २३८ आणि २१५ मधलं हे अंतर कमी केलं की लोड चालू-बंद खेळायला लागतो, कॉन्टॅक्टर टकटक करत राहतात आणि कॉम्प्रेसर मार खातात. अंतर किती हवं हे सगळ्यात मोठ्या पायरीच्या लोडवरून ठरतं: परत घेतलेली पायरी तेवढ्यानेच पुन्हा वरची मर्यादा गाठता कामा नये. म्हणून पायरीतले लोड एकदम परत न घेता सुटे सुटे घेतले.

प्राधान्याची पट्टी

कंट्रोलर बॅकनेटचे, म्हणजे इमारतीतल्या यंत्रणा आपसांत बोलतात त्या प्रमाण भाषेचे. बॅकनेटमध्ये एका आउटपुटवर १६ पातळ्यांनी हुकूम देता येतो. १ सगळ्यात वरचा, १६ सगळ्यात खालचा. वेळापत्रक १६ वर, लोड शेडिंग १० वर, ऑपरेटरचा हातचा हुकूम ८ वर. याचा अर्थ ऑपरेटरने एखादा एसी हाताने ‘चालू’ केला आणि तसाच सोडून दिला तर शेडिंगचा हुकूम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पहिल्या महिन्यात सहापैकी तीन युनिट अशी ८ वर अडकलेली सापडली. मग रोज पहाटे पाचला पातळी ८ वरचे सगळे हुकूम मोकळे करणारा प्रोग्राम लावला आणि अडकलेल्या पॉइंटची यादी स्क्रीनच्या पहिल्या पानावर आणली.

दुसरी चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याची. लोड परत घेताना पातळी १० वर ‘चालू’ लिहायचं नसतं, ‘नल’ लिहायचं असतं, म्हणजे आपला हुकूम मागे घ्यायचा. ‘चालू’ लिहिलं की वेळापत्रक रात्री बंद म्हणतं आणि एसी रिकाम्या हॉलमध्ये सकाळपर्यंत चालतो. आठवडाभराचा रात्रीचा आलेख काढल्याशिवाय ही चूक दिसत नाही.

तिसरं, चूक नव्हे पण कोड्यात टाकणारं: शेडिंगचा हुकूम गेला, तरी कॉम्प्रेसर तीन मिनिटं बंद होईना. आउटपुटला किमान चालू वेळ दिलेला होता आणि तो पातळी ६ वरून धरून ठेवतो. कॉम्प्रेसरसाठी ते योग्यच आहे. फक्त हिशेबात ती तीन मिनिटं धरावी लागतात. बॅकनेटमध्ये लोड कंट्रोल नावाचं एक तयार ऑब्जेक्टही आहे, ज्याला किती कापायचं ते सांगितलं की जमलं की नाही हे ते स्वतः कळवतं. आमच्या कंट्रोलरमध्ये ते नव्हतं, म्हणून सगळं लॉजिक हाताने लिहिलं. नवीन खरेदी करणाऱ्याने कंट्रोलरच्या पिक्स कागदात, म्हणजे तो बॅकनेटचं काय काय पाळतो त्या यादीत, ते आहे का पाहून घ्यावं.

रिलेची दिशा आणि जनरेटर

लोड कापणारा २४ व्होल्टचा रिले कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये सिरीजमध्ये येतो. तो एनसी (रिले सुटलेला असताना जोडलेला) कॉन्टॅक्टवर घ्यायचा की एनओ (तेव्हा उघडा) वर, हा प्रश्न वायरमनने विचारला आणि तो या कामातला सगळ्यात चांगला प्रश्न होता. डिमांडसाठी एनसी: कंट्रोलर मेला, रिले सुटला, तरी लोड चालू राहतो. नुकसान झालं तर बिलाचं. जनरेटरसाठी उलटं: तिथे कंट्रोलर मेला तर बिनमहत्त्वाचा लोड बंदच राहिला पाहिजे, नाहीतर सगळा भार जनरेटरवर पडून तोही बसतो आणि मग लिफ्टमध्ये अडकलेली माणसं अंधारात. एकाच लोडला दोन्ही गरजा असतील तर दोन रिले, एकाच रिलेत दोन्ही बसवायचा हव्यास नको.

आणि जनरेटरचं पहिलं कापणं बीईएमएसकडे द्यायचंच नाही. बीईएमएस मिनिटांचं काम करते. ओव्हरलोड झालेला जनरेटर सेकंदांत बसतो. पुरवठा गेला की जनरेटर आपोआप चालू करणाऱ्या एएमएफ पॅनेलचा कॉन्टॅक्ट थेट वायरने बिनमहत्त्वाच्या बसबारचा कॉन्टॅक्टर पाडतो. शिवाय फ्रीक्वेन्सी ४८.५ हर्ट्झच्या खाली एक सेकंद राहिली तर तोच कॉन्टॅक्टर पाडणारा रिले. २०० केव्हीएचा जनरेटर ०.८ ला १६० किलोवॅट देतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, त्यामुळे उंचीसाठी क्षमता कमी धरावी लागली नाही. अत्यावश्यक लोड ७० च्या आसपास. जनरेटर स्थिर झाल्यावर बीईएमएस दर २० सेकंदांनी एक एसी युनिट जोडत १२८ किलोवॅटपर्यंत जाते आणि थांबते. १४४ च्या वर दहा सेकंद राहिलं तर शेवटचं जोडलेलं युनिट सोडते.

पहिल्या चाचणीत यातलं काहीच झालं नाही. कंट्रोलर यूपीएसवर होते, पण त्यांना जोडणारा नेटवर्क स्विच आणि मॉडबसचा गेटवे साध्या प्लगवर. लाइट गेली, स्विच बंद, जनरेटर आल्यावर गेटवे उठायला दीड मिनिट. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी चार-चार वेळा लाइट जाते-येते, तेव्हा दर वेळी दीड मिनिट आंधळं. दोन्ही यूपीएसवर घेतले, आणि आरएस-४८५ च्या टोकांना विजेसाठी सर्ज प्रोटेक्टर लावले.

लाइट परत आल्यावरचा एक सापळा. जनरेटरवर असताना ग्रिडकडून शून्य घेतलं, म्हणून सरकती खिडकी शून्यांनी भरलेली असते. अंदाज हसत म्हणतो, घ्या सगळं. हॉल तापलेला, टाक्या रिकाम्या, सगळे लोड एकदम येतात आणि दहा मिनिटांनी डिमांड शिखरावर. म्हणून पुरवठा परत आल्यावर खिडकी शून्यांनी नव्हे, आत्ताच्या लोडने भरायची. आणि लोड परत घेताना प्रत्येकात ६० ते ९० सेकंदांचं अंतर ठेवायचं. डिमांडचं शिखर बरेचदा कापण्याआधीचं नसतं, परत घेतल्यानंतरचं असतं.

याचाच भाऊ शिळ्या आकड्याचा सापळा. मीटरशी संपर्क तुटला की गेटवे शेवटचा आकडा धरून बसतो आणि स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं. ३० सेकंद नवीन वाचन नाही तर पॉइंट ‘फॉल्ट’ मध्ये टाकायचा. पाच मिनिटं आहे ती स्थिती ठेवायची, मग कापलेले सगळे लोड परत घेऊन अलार्म द्यायचा. संपर्क परत आल्यावर केव्हीएएच (केव्हीए-तास) काउंटरमधला मधल्या दहा मिनिटांचा फरक एकाच मिनिटात मोजला गेला तर हजारोंचा आकडा येऊन तिन्ही पायऱ्या एकदम पडतात. इथे तो रविवारी दुपारी आला. त्यानंतर मिनिटाला ४०० केव्हीएच्या वरचा आकडा ग्राह्यच न धरण्याची अट घातली. ३१५ च्या ट्रान्सफॉर्मरमधून एवढं सहज जाणारच नाही.

मुहूर्त

चाचणी दोन टप्प्यांत. दोन आठवडे सावलीत: सिस्टिम हुकूम लिहिते, पण रिले हलत नाही. त्या नोंदी आणि एचटी मीटरचे आकडे शेजारी ठेवून मर्यादा बारीक केल्या. मग कार्यक्रम नसलेल्या एका बुधवारी लक्ष्य २३८ वरून १२० वर आणून मुद्दाम तिन्ही पायऱ्या पाडल्या, प्रत्येक लोडजवळ माणूस उभा करून. स्क्रीनवर ‘बंद’ दाखवणारा एक ड्रायरचा हीटर प्रत्यक्षात चालूच निघाला. रिलेची वायर शेजारच्या टर्मिनलला.

खरी अडचण वेळेची होती. अक्षता साधारण साडेबाराच्या. त्या वेळी हॉल भरलेला, एसी पूर्ण, लिफ्ट सतत, खाली पंगतीची तयारी, बाहेर बोर्डवर डेकोरेशन. शिखर तिथेच, आणि तिथेच एसी कापलेला कुणालाच चालत नाही. म्हणून कॅलेंडरमध्ये ‘मुहूर्त’ नावाची एक वेळ टाकली, जी कार्यालयाचा मॅनेजर आदल्या दिवशी भरतो. मुहूर्ताच्या दीड तास आधी हॉल २२ अंशांपर्यंत थंड करायचा, वरच्या टाक्या सकाळी नऊच्या आत भरून घ्यायच्या, ड्रायर ११ ते २ हीटरशिवाय. मुहूर्ताच्या आधी-नंतर २० मिनिटं तिसरी पायरी कुलूपबंद, म्हणजे हॉलचा एसी कापायचाच नाही. पहिल्या दोन पायऱ्या मात्र मुहूर्ताच्या अर्धा तास आधीपासून कापूनच ठेवायच्या, अंदाज काहीही म्हणो. गोरज मुहूर्त असला तर अडचण वेगळी: संध्याकाळी बाहेरची रोषणाई आणि खोल्यांतले गीझर एकत्र येतात, पण ऊन गेलेलं असल्याने एसी हलका. त्यासाठी लक्ष्य तेच ठेवून हीटर दुपारी चारच्या आधी चालवून पाणी तापवून ठेवलं.

ऑपरेटर दोन पाळ्यांत, एकाला मराठी सोपं, दुसऱ्याला कन्नड. स्क्रीनच्या अलार्ममध्ये देवनागरीच्या जागी चौकोन उमटायचे, म्हणून अलार्मला नुसते आकडे दिले: १, २, ३, आणि फॉल्टसाठी ९. त्या आकड्यांचा अर्थ, लक्ष्य, सुटण्याची मर्यादा आणि कधीच न कापायच्या लोडची यादी दोन्ही भाषांत छापून पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवली. खाली एक रकाना मोकळा ठेवला आहे: नवीन लोड, कधी जोडला, कुठल्या पायरीत. आतापर्यंत तिथे दोन नोंदी झाल्या, एक पिठाची चक्की आणि एक आईस्क्रीमचा डीप फ्रीझर. फ्रीझर पहिल्या पायरीत लिहिला गेला होता. तो खोडून ‘कधीच नाही’ च्या पानावर नेला.